अंगण कुणाच्या मापाचे?

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आमच्या घरात जितक्या वेळा उच्चारली गेली, तितकी दुसरी कुठलीही नसेल. गणिताचा पेपर कठीण होता असे मी म्हणालो की वडील ती माझ्यावर फेकीत. भाकरी करपली आणि आईने तव्याला दोष दिला की आजी तीच म्हण आईवर फेकी. पुढे बँकेत अधिकारी झाल्यावर मीही ती हाताखालच्या माणसांवर सढळपणे वापरली. दोष स्वतःत शोधावा, साधनांना नावे ठेवू नयेत, हे आपल्याकडचे जुने वळण आहे आणि ते चांगलेच आहे. या म्हणीबद्दल मला पहिली शंका आली ती वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि तीही अशा जागी, जिथे मराठी म्हणी सहसा कुणी घेऊन जात नाही. पुण्याबाहेर गोल्फच्या काठ्या माणसाच्या मापाने बसवून देणाऱ्या एका कार्यशाळेत.

गोल्फचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. रिकामटेकड्या श्रीमंतांचा खेळ, शेकडो लोकांना पुरेल एवढी जागा, हिरवळीवर ओतलेले पाणी. या आक्षेपांत तथ्य आहे आणि त्यातल्या एकाकडे मी पुढे येणारच आहे. तूर्त एवढेच सांगतो की हा खेळ माझ्याकडे श्रीमंतीतून आला नाही, पेन्शनच्या खात्यातून आला.

एका छावणीच्या गावी मी शाखा व्यवस्थापक होतो. तिथे लष्कराचे नऊ होलचे मैदान होते. आमचे एक खातेदार, सहा फूट दोन इंच उंचीचे निवृत्त कर्नल, मला एका रविवारी ओढून घेऊन गेले. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि चेंडूवर काठी टेकण्याआधी माझा श्वास थांबत होता. वर्षभराने कर्नलसाहेबांनी नवा सेट घेतला आणि जुना मला देऊ केला. खातेदाराकडून भेट घेणे नियमात बसणारे नव्हते, म्हणून मी त्यांना पाच हजारांचा चेक दिला. तो त्यांनी माझ्याच शाखेत भरला. गोल्फच्या काठ्यांना क्लब म्हणतात, पण जिमखान्याशी गोंधळ नको म्हणून मी इथे काठीच म्हणतो.

त्या काठ्यांनी मी सतरा वर्षे खेळलो. खेळलो म्हणण्यापेक्षा झगडलो म्हणावे. माझा चेंडू डावीकडे जायचा. सरळ मारला तरी डावीकडे, जपून मारला तर अधिकच डावीकडे. एका प्रशिक्षकाने मनगटे लवकर वळतात म्हणून सांगितले, दुसऱ्याने खांदा उघडतो म्हणून. मी पुस्तके वाचली, आरशासमोर उभा राहिलो, गच्चीवर छत्री फिरवली. शेवटी माझा मीच एक उपाय काढला. उजवीकडच्या झाडावर नजर ठेवायची, मनगटे आवळून धरायची, आणि चेंडू वळून मधे येईल अशी प्रार्थना करायची. कधी यायचा, बहुधा नाही. त्या सतरा वर्षांत काठीला दोष द्यावा असे मनात एकदाही आले नाही. येणार कसे? म्हण पाठ होती ना!

गेल्या वर्षी मुलीने वाढदिवसाला ही मापे घेण्याची भेट दिली. मी कुरकुरलो. “अहो, चपला घ्यायला तुम्हाला दहा मिनिटं लागत नाहीत आणि काठीचं माप घ्यायला दोन तास?” असे पत्नीही म्हणाली. पण पैसे भरून झाले होते, आणि भरलेले पैसे वाया जाऊ देणे बँकेतल्या माणसाला जमत नाही.

मापे घेणारा तरुण तिशीतला होता. त्याचे वडील एका मैदानावर कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहत. त्याने प्रथम माझ्या मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले. काठीची लांबी ठरवायला नुसती उंची पुरत नाही. एकाच उंचीच्या दोन माणसांचे हात कमीजास्त लांब असतात आणि काठी हातांनी धरायची असते. माझी उंची पाच फूट साडेचार इंच आणि मनगट जमिनीपासून एकतीस इंच. मग त्याने तळहात आणि बोटे मोजली, कारण मुठीची जाडी त्यावर ठरते. मूठ बारीक असली तर मनगटे अधिक वळवळतात, जाड असली तर अडतात, असे तो म्हणाला.

त्यानंतर त्याने माझी सात नंबरची काठी घेतली, तिच्या तळाला एक चिकटपट्टी लावली आणि जमिनीवर ठेवलेल्या कडक फळीवरून चेंडू मारायला सांगितले. काठी फळीला घासली की पट्टीवर खूण उठते. खूण तळाच्या मध्यावर हवी. माझी उठली ती टाचेकडे, म्हणजे दांडा जिथे बसवलेला असतो त्या बाजूला. पुन्हा मारला, पुन्हा तिथेच. मग त्याने चेंडूवर शाईची एक उभी रेघ काढली आणि ती काठीच्या तोंडाकडे करून चेंडू ठेवला. फटक्याबरोबर रेघेचा ठसा काठीच्या तोंडावर उमटला. तो उभा यायला हवा होता, आला तिरका.

काठी जमिनीवर सपाट टेकवली की दांडा आणि जमीन यांच्यामध्ये एक कोन होतो. सात नंबरच्या काठीत तो साधारण ६२ अंशांचा असतो. ठेंगणा माणूस हात खाली धरतो. काठी त्याच्या मानाने लांब आणि अधिक उभी असली तर तिचा पुढचा टोकाकडचा भाग हवेत उचलला जातो आणि टाच जमिनीत रुतते. काठीचे तोंड मुळात मागे कललेले असते, चेंडू वर उठावा म्हणून. टोक उचलले गेले की ते कललेले तोंड डावीकडे पाहू लागते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग डावीकडेच जाणार. त्यात मनगटाचा, खांद्याचा, चारित्र्याचा काही संबंध नाही. ती भूमिती आहे.

तरुणाने काठी एका यंत्रात बसवून कोन मोजला, लांबी मोजली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “काका, ह्या काठ्या मापाच्याच आहेत. फक्त तुमच्या नाहीत. कुणातरी उंच माणसाने स्वतःसाठी अर्धा इंच लांब आणि दोन अंश उभ्या करून घेतल्यात.”

कर्नलसाहेब आता नाहीत. ते वारले त्याला नऊ वर्षे झाली. सतरा वर्षे मी त्यांच्या अंगरख्यात हात घालून फिरत होतो आणि बाह्या लोंबतात म्हणून स्वतःच्या हातांना दोष देत होतो.

पुढचा दीड तास रडारच्या एका यंत्रासमोर गेला. चेंडूचा वेग, तो किती अंशांत उठतो, मिनिटाला किती गिरक्या घेतो, कुठे पडेल, हे सगळे ते यंत्र पडद्यावर दाखवते. तरुणाने वेगवेगळे दांडे लावून पाहिले. कर्नलसाहेबांचे दांडे जड आणि कडक पोलादाचे होते. जोरकस फटका मारणाऱ्याला तसेच लागतात. माझ्या वयाच्या आणि वेगाच्या माणसाला हलका, थोडा लवणारा दांडा बरा पडतो. शेवटी ठरले ते असे: लांबी मूळ मापाहूनही अर्धा इंच कमी, कोन मूळ मापाहून दोन अंश आडवा, ग्रॅफाइटचे हलके दांडे, मूठ एक माप बारीक. नुसता दांडा कापून का भागत नाही, असे मी विचारले. अर्धा इंच कापला की डोक्याकडचे वजन हाताला कमी भासते आणि दांडा किंचित कडकही होतो, असे त्याने समजावले. एक गोष्ट बदलली की दुसऱ्या तीन बदलतात.

पूर्वी माझे सात नंबरचे चेंडू जवळजवळ चाळीस यार्डांच्या पट्ट्यात विखुरत. आता पट्टा बावीस यार्डांवर आला. अंतर मात्र सहाच यार्डांनी वाढले. मी नाराज दिसलो असेन. “काका, वाकडेपणातला अर्धा काठीचा होता, तो मी काढला,” तो म्हणाला. “उरलेला तुमचा आहे. तुम्ही चेंडू जायच्या आधीच मान वर करता. ती मान मला वाकवता येणार नाही.”

हा मुलगा मला फार आवडला. त्याने मला नवा सेट विकला नाही. माझ्या काठ्यांची डोकी घडीव लोखंडाची होती, ती वाकवता येतात. त्याने तीच यंत्रात धरून हळूहळू वाकवली. दांडे आणि मुठी बदलल्या. खर्च एका स्कूटरच्या निम्म्या किमतीइतका झाला, तो काही थोडा नाही.

आता वाचकाला वाटेल, ही सगळी अलीकडची चैन असणार. गंमत अशी की ही या खेळाची सर्वांत जुनी रीत आहे. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली होती, लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू मारीत बसतात म्हणून. आणि १५०२ साली त्याच देशाच्या राजाने, चौथ्या जेम्सने, पर्थ गावातल्या एका धनुष्ये करणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. राजाच्या खजिन्याच्या हिशोबात चौदा शिलिंगांची ती नोंद आहे. लाकडाला बाक देणाऱ्याकडेच काठी करून घ्यायची, हे स्वाभाविक होते. पुढे कित्येक शतके काठ्या कारागिराच्या हातूनच घडत. मग पोलादी दांडे आले. अमेरिकेत त्यांना १९२४ साली मान्यता मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ साली. पोलादी नळी कारखान्यातून हजारोंनी निघते आणि सगळ्या सारख्या निघतात. त्यामुळे काठ्या स्वस्त झाल्या, एकसारख्या झाल्या, नावांऐवजी नंबरांनी ओळखल्या जाऊ लागल्या. खेळ अधिक लोकांपर्यंत पोचला, हा फायदा नाकारता येणार नाही. पण माणसाने काठी निवडण्याऐवजी काठीने माणूस निवडायचा, असे तेव्हापासून सुरू झाले.

हे चक्र उलटे फिरवण्यात ज्याचा मोठा हात होता तो माणूस मोच्याचा मुलगा होता, हे कळल्यावर मला फार बरे वाटले. कार्स्टन सोल्हाइम १९११ साली नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत आला. बापाप्रमाणे त्यानेही बुटांची दुरुस्ती केली. पुढे तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता झाला आणि बेचाळिसाव्या वर्षी गोल्फ खेळू लागला. हिरवळीवर चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, पटर, त्याला काही केल्या साधेना. आपल्याकडचा असता तर त्याने ती म्हण आठवली असती. त्याने पटरला दोष दिला आणि १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचा बनवला. चेंडूला लागताच तो ‘पिंग’ असा वाजे, तेच कंपनीचे नाव झाले. १९७२ साली या कंपनीने काठ्यांवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली. काळा ठिपका मधल्या कोनाचा, इतर रंग कमीअधिक उभ्या-आडव्या कोनांचे. पायाचे माप घेतल्याशिवाय बूट देत नाहीत, मग काठी का द्यावी? हा प्रश्न मोच्याच्या दुकानात वाढलेल्याला पडला, यात मला नवल वाटत नाही.

आता तो आक्षेप. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीतली, कॅडीचे काम करणारी पोरे बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी करतात आणि गल्लीबोळांत प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळतात. दिल्लीचा अली शेर कॅडी होता. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला आणि १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. बंगळुरूचा सी. मुनियप्पाही कॅडीच होता, त्याने ती २००९ साली जिंकली. त्यांच्या लहानपणी कुणी मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरली नव्हती. मग माझ्यासारख्या हौशी म्हाताऱ्याचे हे लाड कशाला?

मी हा प्रश्न त्या तरुणालाच विचारला. तो थोडा वेळ काम करीत राहिला. मग म्हणाला, “आमचे बाबासुद्धा फार छान खेळायचे, काका. त्यांच्याकडे एकच काठी होती, कुणीतरी टाकून दिलेली. दहाव्या वर्षापासून तिच्याशी खेळून अंगच तिच्यासारखं झालं होतं. पण त्यांच्याबरोबरची पंधरा पोरं होती. ती कुठे गेली ते कुणी विचारत नाही.”

मला यापेक्षा चांगले उत्तर सुचत नाही. वाकड्या अंगणातही नाचून दाखवणारी माणसे असतात, त्यांना आपण डोक्यावर घेतो आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना गप्प करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? जे पडले, जे आपल्याला जमत नाही असे समजून घरी बसले, त्यांच्यातले किती जण खरोखर नाचता न येणारे होते आणि किती जणांचे अंगण वाकडे होते, हा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

‘सर्वसाधारण माणूस’ नावाचे जे गिऱ्हाईक कारखाने गृहीत धरतात, ते अस्तित्वात तरी आहे का? अमेरिकेच्या हवाई दलाने १९५० साली आपल्या वैमानिकांची मापे घेतली होती. विमानाच्या खुर्चीच्या जागा जुन्या सरासरी मापांवर बेतलेल्या होत्या. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे घेऊन, दहाही बाबतींत जो मध्यम असेल असा वैमानिक शोधला. एकही सापडला नाही. चार हजारांत एकही नाही! तेव्हापासून वैमानिकाला खुर्चीजोगता करण्यापेक्षा खुर्चीच मागेपुढे, वरखाली करता येईल अशी करावी, हा विचार मूळ धरू लागला. आज आपल्या मोटारीतही ती तशी सरकते.

हौशी खेळाडूंसाठी दोन शब्द, कारण मला पत्रे येतील. अगदी शिकाऊ असताना मापे घेण्याची घाई करू नये. फटका थोडा तरी स्थिर झाला नसेल तर आजचे माप उद्या खोटे ठरते. दमलेल्या दिवशी जाऊ नये, आणि मापे घेताना जोर दाखवू नये. मी पहिले दहा चेंडू तरण्या पोरासारखे मारले आणि त्या मुलाने ते गुपचूप हिशोबातून काढून टाकले. जुन्या काठ्या बरोबर न्याव्यात. त्यांच्याकडे न पाहताच नव्या सेटची किंमत सांगणाऱ्याला नमस्कार करून परत यावे. आणि उरलेला वाकडेपणा आपला असतो, हे पैसे देतानाच मान्य करून टाकावे. मी अजूनही मान वर करतो.

असो. त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा हातात मुलाने दिलेली मोजपट्टी होती. पत्नी स्वयंपाकघरात भाजी चिरीत होती, पाटावर उभी राहून. ती चार फूट अकरा इंच आहे. आमच्या सदनिकेचा ओटा बिल्डरने सगळ्या मजल्यांवर एकाच उंचीचा बांधला आहे. राहायला आलो त्या आठवड्यात तिने देवघरातला जादा पाट ओट्यापाशी आणला, आणि मी विनोद केला होता की पाट जेवायला बसण्यासाठी असतो. त्या विनोदाला एकतीस वर्षे झाली. खांदेदुखीसाठी तिने तेल लावले, गोळ्या घेतल्या, व्यायाम केले. “माझीच सवय वाईट, मी खांदे उचलून काम करते,” असे ती डॉक्टरांना सांगायची आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो.

“जरा पाटावरून खाली उतर,” मी म्हणालो. “आणि हात सरळ सोडून कोपरातून वाकव.”

“आता माझ्यासाठीही काठी आणताय की काय?”

कोपर जमिनीपासून छत्तीस इंच. ओटा चौतीस. उभ्याने काम करायची जागा कोपराच्या चार-सहा इंच खाली असावी, असा साधा नियम आहे. इथे शेगडीच पाच इंचांची, तिच्यावर कढई. म्हणजे एकतीस वर्षे ही बाई कोपराच्या वर हात उचलून ढवळत होती. एका खेळासाठी माझी दोन तास मापे घेतली गेली होती. तिचे माप घ्यायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत.

मी आकडे तिला दाखवले. ती बराच वेळ मोजपट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला इतकी वर्षं वाटायचं, मीच बुटकी आहे.”

गवंडी मंगळवारी येणार आहे. शेगडीची बाजू सात इंच खाली घ्यायची, चिरण्याची तीन इंच, असे ठरले आहे. ग्रॅनाइट फुटेल, धूळ होईल, आठवडाभर बाहेरून डबा आणावा लागेल. पाट परत देवघरात जाईल. इतके होऊनही तिचा खांदा दुखलाच, तर उरलेल्या सवयीचे काय ते बघू. आधी अंगण तर मोजून झाले!